विंडोज ११ टाकलं, दोन दिवसांनी निळा स्क्रीन. फॉरमॅट मारू का?

खिळे_जुळवणारी (शुक्रवार, सकाळी ९:१२)
मंडळी, जरा तातडीची मदत हवीये. लॅपटॉप जून २०२० मधे घेतलेला, आय ५ आठव्या पिढीचा, ८ जीबी रॅम, विंडोज १० होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला १० चा सपोर्ट संपला तेव्हापासून ११ घ्या ११ घ्या असा तगादा चालला होता, शेवटी बुधवारी रात्री एकदाचं हो म्हटलं. दोन-अडीच तास लागले पण झालं नीट, काल दिवसभर त्यावर कामही केलं. आज सकाळी चालू केला तर निळा स्क्रीन!! पुढे जातच नाही, पाच-सहा वेळा बंद-चालू करून झालं.
मी घरून डीटीपीची कामं करते. तुळशीचं लग्न उरकलंय, म्हणजे माझा सीझन सुरू झालाय आणि अकरा लग्नपत्रिका नि एका पतसंस्थेची स्मरणिका आत अडकलीये. बॅकअप आहे पण दिवाळीआधीचा. (हो, माहितीये. ओरडू नका.)
कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारावा लागेल (म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने), ८०० रुपये, डेटाची गॅरंटी नाही. मारू का?

तर्री_जास्त (९:२०)
अजिबात मारू नका. फॉरमॅट म्हणतोय, दुकानदाराचं तुमचं तुम्ही बघा.

लोणारचा_खड्डा (९:३१)
निळा स्क्रीन म्हणजे हमखास रॅम. मागचं झाकण उघडायचं, रॅमची पट्टी काढायची, सोनेरी दात खोडरबरने हलक्या हाताने घासायचे, फुंकर मारून परत बसवायची. माझा २०१२ चा डबा असाच तीनदा उठवलाय.

तर्री_जास्त (९:३३)
खड्डेराव, तुमच्याकडे टीव्ही बंद पडला तरी खोडरबर, फ्रीज बंद पडला तरी खोडरबर.

शहाणी_सून (९:४०)
चार्जर काढून पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा आणि मग चालू करा, माझं अर्ध्या वेळेला तेवढ्यानेच होतं.

पेंग्विनबुवा (९:५२)
ताई, ही संधी समजा. पेन ड्राइव्हवर उबुंटू किंवा मिंट (विंडोजऐवजी चालणारी लिनक्स सिस्टिम) घ्या, त्यावरून लॅपटॉप चालू करा, फायली दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या आणि मग तेच कायमचं टाकून द्या. मी २००९ पासून लिनक्सवर आहे, एकदाही निळा स्क्रीन बघितला नाही.

तर्री_जास्त (९:५४)
काळा बघितला असेल.

पेंग्विनबुवा (९:५५)
तो वेगळा विषय आहे.

काठावरचा_काका (१०:०८)
मी इथे आधीही लिहिलंय, चालत्या गाडीचं बॉनेट उघडू नये. माझं १० मस्त चाललंय. सपोर्ट संपला म्हणजे काय मशीन बंद पडत नाही.

बे_एके_बे (१०:१७)
काका, बंद पडत नाही पण सुरक्षेची ठिगळं (अपडेट) येणं बंद होतं आणि त्याच मशीनवर तुम्ही नेटबँकिंग करता. थांबायचंच असेल तर निदान एक वर्षाची मुदतवाढ तरी घ्या, घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठिगळं मिळतात. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला की फुकट, नाहीतर ३० डॉलर.

काठावरचा_काका (१०:२०)
अकाउंटच काढायचं नाहीये मला!

दुरुस्तीवाला_चिंचवड (१०:४४)
सगळ्यांनी जरा हात थांबवा. खोडरबरसुद्धा.
ताई, निळा स्क्रीन दोन-तीन प्रकारचा असतो. एकात रडकं तोंड असायचं (११ मधे २०२५ पासून ते गेलंय), एकात 'रिपेअर करू का' विचारतो, अजून एक वेगळाच असतो. तुमच्या स्क्रीनवर नक्की काय लिहिलंय ते अक्षर न अक्षर इथे टाका. तोवर रॅम काढू नका, रिसेट नको आणि दुकानात तर मुळीच नको.

खिळे_जुळवणारी (११:०२)
बघते. रडकं तोंड नाहीये. वर मोठ्या अक्षरात 'बिटलॉकर रिकव्हरी' आणि खाली 'एंटर द रिकव्हरी की फॉर धिस ड्राइव्ह'. मग एक लांबलचक रिकामी पट्टी. त्याखाली रिकव्हरी की आयडी म्हणून आकडे नि इंग्रजी अक्षरं मिसळलेलं काहीतरी. मी त्यात लॅपटॉपचा पासवर्ड टाकायचा प्रयत्न केला, तो अक्षरं घेतच नाही, फक्त आकडे घेतो. पिन टाकला, तोही चालला नाही.

दुरुस्तीवाला_चिंचवड (११:१५)
हुश्श. तुमचा लॅपटॉप बिघडलेलाच नाहीये ताई, विंडोजचं बिटलॉकर नावाचं कुलूप लागलंय त्याला.
तुमची डिस्क एन्क्रिप्टेड आहे, म्हणजे आतलं सगळं सांकेतिक लिपीत लिहिलेलं. ती उघडायची चावी टीपीएम नावाच्या भागात असते, तुमच्यासारख्या इंटेलच्या लॅपटॉपच्या बायोसमधे (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमधे) त्याला पीटीटी म्हणतात. रोज चालू करताना टीपीएम बघतो की मशीनची स्थिती कालच्यासारखीच आहे ना, आणि गुपचूप चावी देतो. त्यामुळे कुलूप आहे हे तुम्हाला पाच वर्षं कळलंच नाही. सोसायटीचा वॉचमन तोंड बघून सोडतो तसं. आज तुम्ही टक्कल करून आलात, तो म्हणतोय आधार कार्ड दाखवा. ते आधार कार्ड म्हणजे ४८ आकडी रिकव्हरी की.
आता मला सांगा, ११ टाकल्यावर काल अख्खा दिवस नीट चाललं ना? मग नुसत्या अपग्रेडने हे झालेलं नाही. काल संध्याकाळी ते आज सकाळ यामधे कुणी काय केलं?

लोणारचा_खड्डा (११:२१)
हे मला माहीत नव्हतं. पण बिटलॉकर तर प्रो एडिशनमधेच असतो ना? घरगुती लॅपटॉपला होम असतं.

बे_एके_बे (११:३०)
होममधे त्याच तंत्राचं धाकटं भावंड असतं, 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' म्हणून. मशीन त्याला लायक असेल आणि पहिल्यांदा सेटअप करताना मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की आपोआप चालू होतं आणि चावी त्या अकाउंटमधे जाऊन पडते. ११ च्या २०२४ च्या आवृत्तीपासून नव्याने टाकताना त्याच्या अटी अजून सैल केल्यात, त्यामुळे आता जास्तच मशीनवर चालू सापडतं.

काठावरचा_काका (११:३४)
म्हणजे माझ्या घराला मला न विचारता कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात!

शहाणी_सून (११:४१)
काका, माझी बॅग लोकलमधे गेली तेव्हा त्यात लॅपटॉप होता, त्यावर घरच्या सगळ्यांची पॅन कार्डं, पासबुकं, माझे रिपोर्ट. तेव्हा या कुलपामुळेच रात्री झोप लागली. फक्त विचारून लावायला पाहिजे, एवढं तुमचं मान्य.

खिळे_जुळवणारी (१२:०५)
चौकशी केली. घरात आधी कुणीच काही केलं नव्हतं. मग मी जरा आवाज चढवला तेव्हा कबुली आली. ११ टाकल्यापासून लॅपटॉपचा आवाज येत नव्हता. मला कामाला आवाज लागत नाही त्यामुळे माझ्या लक्षातच आलं नाही, पण आमच्या ह्यांना रात्री कीर्तन ऐकायचं होतं. तर कुठल्याशा व्हिडिओत बघून एफ २ दाबून बायोसमधे गेले, तिथे 'लोड डिफॉल्ट्स' केलं आणि एफ १० दाबून बाहेर आले. निळं दिसल्यावर झाकण मिटून झोपले. मला सांगितलं नाही.

तर्री_जास्त (१२:०७)
दादांना इथे आणा, सत्कार करू.

दुरुस्तीवाला_चिंचवड (१२:२२)
सापडला टक्कल करणारा.
आधी फुकटचा उपाय. एफ २ ने आत जा, सिक्युअर बूट (चालू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) आणि पीटीटी कुठे दिसतंय बघा. दोन्ही 'एनेबल्ड' पाहिजे, डिफॉल्ट केल्यावर काही मॉडेलमधे यातलं एखादं बंद होतं. स्थिती पूर्वीसारखी झाली तर चावी न मागताच उघडू शकतं. पण एक लक्षात ठेवा, तिथेच 'क्लिअर टीपीएम' असं काही दिसलं तर त्याला चुकूनही हात लावायचा नाही, नाहीतर हा रस्ता कायमचा बंद.

पेंग्विनबुवा (१२:३०)
तोवर माझा पेन ड्राइव्हचा उपाय करून फायली तरी काढता येतील की.

दुरुस्तीवाला_चिंचवड (१२:३८)
नाही येणार बुवा. लिनक्सने बघा नाहीतर एसएसडी (आतली डिस्क) काढून दुसऱ्या मशीनला लावा, चावीशिवाय नुसता रवा दिसेल. माझ्याकडे महिन्यातून दोन-तीन जण 'नुसती डिस्क काढून डेटा द्या' म्हणून येतात आणि मला नाही म्हणावं लागतं. चावी नसताना काढून देतो म्हणणारा कुणी भेटला तर पैसे देऊ नका. आणि फॉरमॅट मारला की मग चावी सापडूनही उपयोग नाही. त्या ८०० रुपयांत लॅपटॉप चालू झाला असता, पत्रिका मात्र गेल्या असत्या.

खिळे_जुळवणारी (१२:५०)
अंगावर काटा आला वाचून. दुपारी द्यायला निघालेच होते दुकानात.
पीटीटी चालू आहे. सिक्युअर बूट बंद होतं, चालू केलं, सेव्ह केलं. तरी तेच निळं.

दुरुस्तीवाला_चिंचवड (१२:५८)
होतं असं, डिफॉल्टमधे अजूनही काही बदललेलं असू शकतं. आता अंदाजपंचे बटणं दाबत बसण्यापेक्षा चावी शोधा. मोबाईलवरून तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधे जा, डिव्हाइसेसमधे रिकव्हरी की चं पान असतं. तिथे प्रत्येक चावीपुढे की आयडी असतो, त्याची पहिली आठ अक्षरं तुमच्या स्क्रीनवरच्याशी जुळवा.

खिळे_जुळवणारी (दुपारी १:१६)
गेले. तिथे लिहिलंय एकही चावी अपलोड केलेली नाही. :(

काठावरचा_काका (१:१८)
खिसा पण फाटका निघाला.

काका_सॅनहोजे (१:२५)
इथे मध्यरात्र आहे पण धागा सोडवत नाही. खिळे ताई, पाच वर्षांपूर्वी खोक्यातून काढला तेव्हा पहिलं लॉगिन कुणाचं होतं? चावी आज वापरणाऱ्याकडे नसते, पहिल्यांदा सेटअप करणाऱ्या माणसाकडे जाते. माझ्या सासूबाईंच्या लॅपटॉपची माझ्या अकाउंटमधे निघाली होती. आणि कधी ऑफिसच्या किंवा शाळा-कॉलेजच्या मेलने जोडला असेल तर तिथल्या आयटीवाल्यांकडे असू शकते. कुणी पेन ड्राइव्हवर सेव्ह केली असेल किंवा प्रिंट काढली असेल तर तेही आठवा.

खिळे_जुळवणारी (१:४०)
लॉकडाउनमधे लेकाच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतला होता. लेक म्हणतो मी नाही केला सेटअप, मी सातवीत होतो. ह्यांनी तर नक्कीच नाही केला, ते काय करतात ते आपण बघितलंच.
थांबा. माझ्या बहिणीचा मुलगा तेव्हा आमच्याकडे अडकला होता तीन महिने! त्यानेच खोकं उघडलं होतं. तो आता जर्मनीत आहे, तिथे सव्वानऊ वाजले असतील सकाळचे, ऑफिसात असेल. करू का फोन?

तर्री_जास्त (१:४१)
अहो करा!!!

लोणारचा_खड्डा (१:५०)
भाचा फोन उचलेपर्यंत एक अवांतर. ताई, ११ वर जुन्या फॉन्टची सॉफ्टवेअरं चालतात का? आमच्या प्रेसमधे अजून पानं लावायला पेजमेकर आणि मराठी फॉन्टसाठी श्रीलिपी आहे, मालक अपग्रेडचं नाव काढू देत नाही.

मुद्राराक्षसाची_मावशी (२:०५)
फॉन्ट ही नुसती फाइल आहे, ती कुठेही चालते. अडचण येते की-बोर्ड चालवणाऱ्या प्रोग्रामची आणि डाँगलच्या (सॉफ्टवेअर चालायला लावून ठेवायच्या किल्लीच्या) ड्रायव्हरची. दुसरं म्हणजे ११ फक्त ६४ बिटमधे येतं, त्यामुळे फार जुना १६ बिटचा इन्स्टॉलर असेल तर तो त्यावर उघडतच नाही. पेजमेकरचं शेवटचं व्हर्जन, ७, २००१ चं आहे, ते ३२ बिटचं असल्यामुळे बऱ्याच ठिकाणी चालतं पण कुरकुरत. आमच्याकडे एक जुनं १० चं मशीन नेटची वायर काढून फक्त त्याच कामाला ठेवलंय.
खरं दुखणं वेगळंच आहे. जुन्या फॉन्टमधला मजकूर मुळात मराठी नसतोच, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्रं बसवलेली असतात. फॉन्ट गेला की अख्खी स्मरणिका म्हणजे कंस, टिंबं आणि डॉलरची चिन्हं. युनिकोडमधे (कुठल्याही फॉन्टमधे मराठीच राहतं त्यात) आणून ठेवा हळूहळू.

खिळे_जुळवणारी (२:२४)
मावशी, गिऱ्हाइकाला पत्रिकेत तेच वळणदार 'श्री' लागतं, युनिकोडमधलं दाखवलं की म्हणतात हे मोबाईलसारखं दिसतंय. त्यामुळे मजकूर युनिकोडमधे आणि मथळे जुन्यात असं अर्धं-अर्धं चालवते.
भाच्याला मेसेज टाकलाय. 'मीटिंगमधे आहे मावशी, अर्ध्या तासात करतो' आलंय.

पेंग्विनबुवा (२:३१)
लिनक्सवर युनिकोड मराठी उत्तम चालतं आणि इनस्क्रिप्ट की-बोर्ड आतच असतो हे नम्रपणे नमूद करतो.

मुद्राराक्षसाची_मावशी (२:३३)
बुवा, इनस्क्रिप्ट विंडोजमधेही आतच असतो. आणि डाँगल चालवून दाखवा, मग बोलू.

खिळे_जुळवणारी (३:२०)
सापडली!!!!!!!
भाच्याच्या अकाउंटमधे तीन चाव्या निघाल्या. एक त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपची, एक त्याच्या जुन्या रूममेटच्या लॅपटॉपची (रूममेटला हे माहीतही नाही) आणि तिसरी जून २०२० च्या तारखेची. पहिली आठ अक्षरं जुळली. तो म्हणाला, "मावशी, एमएस ऑफिस टाकायला माझ्या अकाउंटने लॉगिन केलं होतं, नंतर तुझं खातं बनवून माझं काढून टाकलं." खातं काढलं पण चावी त्याच्याकडेच राहिली होती.
आता टाकते. हात थरथरतायत.

बे_एके_बे (३:२४)
सावकाश टाका, सहा-सहा आकड्यांचे आठ गट आहेत. प्रत्येक सहा आकडी गटाला ११ ने पूर्ण भाग जातो, तशीच रचना आहे. त्यामुळे एखादा आकडा चुकला तर मशीनला तिथल्या तिथे कळतं.

तर्री_जास्त (३:२५)
बेरावांनी आत्ता कॅल्क्युलेटर काढला असेल.

बे_एके_बे (३:२६)
कॅल्क्युलेटर कशाला? एकाआड एक आकड्यांची बेरीज करून वजा करायची, शून्य किंवा ११ च्या पटीत आलं की झालं.

खिळे_जुळवणारी (३:४१)
उघडलं. सगळं जागेवर आहे. अकरा पत्रिका, स्मरणिका, सगळं. पहिल्यांदा पाचवा गट चुकला होता, खरंच लगेच सांगितलं त्याने.
दुरुस्तीवाले दादा, सॅनहोजे काका, काय बोलू. चिंचवडला आले की मोदक आणीन.

काका_सॅनहोजे (३:४४)
मी चिंचवडला नाही. मोदक फोटोत चालतील. झोपतो.

दुरुस्तीवाला_चिंचवड (३:५२)
आता लगेच तीन कामं करा, मोदक नंतर. पहिलं, त्या पत्रिका आत्ताच्या आत्ता बाहेरच्या डिस्कवर. दुसरं, दोन-तीनदा रीस्टार्ट करून बघा. परत चावी मागायला लागला तर संरक्षण एकदा सस्पेंड (तात्पुरतं बंद) करून परत चालू करावं लागेल म्हणजे तो नवीन स्थिती लक्षात ठेवतो, तसं झालं तर लिहा, मी सांगतो. तिसरं, चावी तुमच्या स्वतःच्या ताब्यात हवी, कागदावर लिहून ठेवा.
पुढे कधी बायोस अपडेट करायची किंवा त्यात काही बदलायची वेळ आली तर आधी सस्पेंड, मग हात. ह्यांनाही सांगा.

काठावरचा_काका (४:१०)
माझ्या १० वर बघितलं आत्ता. सेटिंगमधे डिव्हाइस एन्क्रिप्शन 'ऑन' आहे. मी तर अकाउंट काढलंच नाही म्हणत होतो!

शहाणी_सून (४:१३)
सेटअप कुणी केला होता काका?

काठावरचा_काका (४:१५)
जावयाने.

तर्री_जास्त (४:१६)
आता दिवाळसण परत करावा लागणार.

लोणारचा_खड्डा (४:३०)
सगळं झालं पण आवाजाचं काय झालं? मूळ दुखणं ते होतं ना.

खिळे_जुळवणारी (संध्याकाळी ६:०५)
तीनदा रीस्टार्ट केला, चावी मागितली नाही. पत्रिका बाहेर काढल्या, दोन ठिकाणी.
आवाज अजूनही नव्हता. लेक क्लासहून आला, त्याने खालच्या स्पीकरच्या चित्रावर क्लिक केलं, बाजूचा बाण दाबला आणि यादी दाखवली. अपग्रेडनंतर आवाज माझ्या मोठ्या मॉनिटरकडे जात होता, त्या वायरीतून. मॉनिटरला स्पीकरच नाहीत. यादीत लॅपटॉपवर टिचकी मारली, संपलं.
आमचे हे आता कीर्तन ऐकतायत. मोठ्याने.

लोणारचा_खड्डा (६:०९)
मॉनिटरच्या वायरीचं टोक खोडरबरने…

तर्री_जास्त (६:०९)
नको.

शहाणी_सून (६:२०)
ताई, चावी कुठे लिहून ठेवलीत?

खिळे_जुळवणारी (६:२६)
स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागे, दुधाच्या हिशोबाखाली.

शहाणी_सून (६:२८)
३१ डिसेंबरला ते रद्दीत जाणार.

खिळे_जुळवणारी (६:३५)
अगं बाई. काढते. मागल्या वर्षीच्या कॅलेंडरवर वायफायचा पासवर्ड होता, तो अजून शोधतोय आम्ही.